काळी की निळी?

साडी उजेडात नेऊन बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जी मोरपंखी दिसते, ती दाराशी नेली की भलतीच निघते. ब्लाऊजपीस घ्यायला गेलं की मॅचिंग सेंटरवाला दहा गठ्ठे उलगडतो आणि आपण एकेक तुकडा घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहतो. तुम्हीही हे करत असालच. पण साडीचा खरा रंग कोणता, आतला की बाहेरचा, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाहेरचा तो खरा, एवढं पक्कं ठाऊक होतं.

हा प्रश्न मला पडला तो सासूबाईंच्या साडीमुळे, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता भेट झाली एका फ्रेंच चित्रकाराची. तो जाऊन शंभर वर्षं होत आली. पण गेले काही महिने तो आमच्या घरातलाच कुणी असल्यासारखा माझ्या डोक्यात आहे.

झालं असं, की आमच्या धाकट्याची मुंज ठरली. आजीला मानाची साडी हवी म्हणून मी चार दुकानं पालथी घालून इरकल आणली. शाईसारखी गडद निळी आणि राणी रंगाचे काठ. अर्थातच उजेडात नेऊन बघितलेली. आईंच्या हातात घडी दिली. त्यांनी ती उलगडली, खिडकीपाशी नेली, पुन्हा घडी घातली आणि काही न बोलता कपाटात ठेवून दिली. मुंजीच्या दिवशी जुनीच अबोली साडी नेसून आल्या. चारचौघी बायकांनी विचारलं, सुनेने काही घेतलं नाही का? आई म्हणाल्या, घेतली, पण शुभकार्यात काळी नेसायची नाही.

मला इतकं लागलं ते! काळी? मी काळी साडी आणीन मुंजीला? संक्रांतीची गोष्ट वेगळी. मला वाटलं, मुद्दाम चारचौघांत नाव ठेवायला बोलल्या. मी ह्यांना साडी दाखवली, हे म्हणाले निळी आहे. आईंना दाखवली, त्या म्हणाल्या काळी. झालं. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. एका ओट्यावर दोघींनी स्वयंपाक करायचा आणि मीठ कुठंय एवढंच विचारायचं, असे सात-आठ महिने गेले.

पुढे आईंना दिव्याभोवती वलयं दिसायला लागली, म्हणून जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. तिथे बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावलेली होती. एकात तळं, त्यावर कमानीचा लाकडी पूल, पाण्यात कमळं, सगळीकडे गार हिरवा-निळा रंग. दुसऱ्यात नुसता तांबड्या-तपकिरी रंगांचा वणवा. बारकाईने पाहिलं तर त्यातही पुलाची कमान दिसत होती. मी सहज विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही एकाच माणसाने काढलीत, पूलही तोच. मधे वीसेक वर्षं गेली आणि मोतीबिंदू झाला. मग त्यांनी समजावलं. आपल्या डोळ्यातलं भिंग वय वाढलं की पिवळं पडतं, मोतीबिंदूत तर तपकिरी होतं. त्यातून निळा उजेड नीट आत जातच नाही. पांढरं पिवळट दिसतं, तांबडं बऱ्यापैकी टिकतं आणि गडद निळं हटकून काळं दिसतं.

गडद निळं काळं दिसतं! मी तिथल्या बाकावर बसले होते ती बसूनच राहिले. शेजारी आई डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

त्या चित्रकाराचं नाव क्लोद मोने. घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर त्याची चित्रं शोधून दिली, वाचनालयातून पुस्तक आणलं, आणि रात्री कामं आवरली की मी त्याचं आयुष्य वाचत बसायला लागले.

मोनेचा जन्म पॅरिसचा, १४ नोव्हेंबर १८४०चा. पण तो वाढला ल हाव्र नावाच्या बंदराच्या गावी. वडील नातेवाइकांच्या किराण्याच्या आणि जहाजांना माल पुरवायच्या धंद्यात होते. पोरगं अभ्यासात यथातथाच. वहीच्या समासात मास्तरांची व्यंगचित्रं काढायचा. पुढे गावातल्या लोकांची काढून विकायला लागला आणि त्यात त्याला बरे पैसे मिळत. तो सोळा वर्षांचा असताना आई गेली. त्याच्या आत्याला चित्रकलेची आवड होती. तिने त्याला सांभाळलं, त्याची बाजू घेतली.

त्याच गावात यूजीन बुदँ नावाचा चित्रकार होता. तो खोलीत न बसता समुद्रावर जाऊन चित्रं काढायचा. त्याने मोनेला बरोबर नेलं, आणि त्या पोराचे डोळेच उघडले. तोवर चित्रकार बाहेर कच्ची टिपणं करत आणि मोठं तैलचित्र खोलीत बसून पुरं करत. तैलरंग म्हणजे तेलात घोटलेली रंगाची पूड. पूर्वी हा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. ती फुटायची, रंग वाळायचा. १८४१मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने कथलाची ट्यूब शोधली, आपल्या टूथपेस्टसारखी. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे रंग झोळीत टाकून शेतात, नदीवर जाता यायला लागलं. मोनेची पिढी ही ट्यूब हातात घेऊनच वाढली.

पॅरिसला शिकायला गेल्यावर रन्वार, सिस्ले, बाझीय असे मित्र मिळाले. आणि भेटली कामिय. ती चित्रकारांसमोर बसायचं काम करायची. १८६६मध्ये मोनेने हिरवा झगा घातलेल्या कामियचं चित्र काढलं, ते सरकारी प्रदर्शनात लागलं आणि त्याचं नाव झालं. पाठोपाठ त्याने बागेतल्या चार बायकांचं मोठं चित्र सुरू केलं. कॅनव्हास आठ फुटांहून उंच! वरचा भाग रंगवताना उजेडाची जागा बदलायला नको म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कॅनव्हास दोरीने खाली-वर करायची सोय केली. त्या बायकांसाठीही बहुतेक कामियच उभी राहिली. १८६७मध्ये परीक्षकांनी ते चित्र नाकारलं. मित्र बाझीयने ते २५०० फ्रँकला हप्त्याहप्त्याने विकत घेतलं, तेवढाच आधार.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कामियला मुलगा झाला, तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मोनेच्या वडिलांना ती पसंत नव्हती. पैसे बंद होतील या धाकाने मोने वडिलांकडे जाऊन राहिला आणि कामिय पॅरिसमध्ये बाळंत झाली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. उजेडासाठी बागेत चर खणणाऱ्या माणसाला बाळंतिणीसाठी वडिलांसमोर उभं राहता आलं नाही? लग्न झालं ते तीन वर्षांनी, १८७०मध्ये.

नंतर युद्ध आलं. हे कुटुंब लंडनला गेलं, बाझीय लढाईत मारला गेला. परत आल्यावर मोनेने ल हाव्रच्या बंदरावरची सकाळ रंगवली. धुकं, दोन-तीन होड्या आणि नारिंगी सूर्याचा ठिपका. नाव देताना त्याने सूर्योदयाला ‘इंप्रेशन’ म्हटलं, म्हणजे मनावर उमटलेला ठसा. १८७४मध्ये या मित्रमंडळींनी सरकारी प्रदर्शनाला कंटाळून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात बेर्त मोरिझो ही चित्रकार बाईही होती, हे आपण लक्षात ठेवायला हवं. एका टीकाकाराने मोनेच्या चित्राच्या नावावरून सगळ्यांची टर उडवली. हे चित्रकार कसले, नुसते ठसेवाले, अशा अर्थाची. ते नावच पुढे त्यांना चिकटलं आणि इंप्रेशनिस्ट हा शब्द जगभर मानाने घेतला जाऊ लागला.

लोकांना राग कशाचा आला होता? या लोकांनी सावली काळी रंगवली नाही, निळी-जांभळी रंगवली. गवत हिरवं असतं असं ठरवून हिरवं फासलं नाही, त्यात दिसले तेवढे पिवळे, तांबडे, निळे ठिपके दिले. मोनेचं म्हणणं असं, की समोर झाड आहे, घर आहे, हे विसरून जा. डोळ्याला इथे निळा तुकडा दिसतोय, तिथे गुलाबी पट्टा दिसतोय, तो तसाच कॅनव्हासवर ठेव. त्याच्या शेजारी काही वर्षं राहिलेली लिला कॅबट पेरी ही अमेरिकन चित्रकार सांगते, की आपण जन्मतः आंधळे असतो आणि एकदम दिसायला लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. कारण मग समोरच्या वस्तू काय आहेत हे ठाऊक नसताना नुसते रंग दिसले असते.

विचार करा मैत्रिणींनो, आपण खरंच बघतो का? दूध पांढरं, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखालीही ते आपल्याला पांढरंच दिसतं. आपला मेंदू आपल्याला न विचारता दुरुस्ती करून टाकतो. ती दुरुस्ती बाजूला सारून बघायचं म्हणजे किती कठीण!

पण हे बघणं माणसाला कुठवर नेतं, ते कळतं कामियच्या शेवटी. १८७८मध्ये दुसरा मुलगा झाल्यापासून ती अंथरुणालाच खिळली. पैसा नव्हता. मोनेची चित्रं घेणारा एक व्यापारी, ओशदे, स्वतः दिवाळखोर झाला होता. दोन्ही कुटुंबं वेतय गावात एकाच घरात राहायला लागली. ओशदेची बायको आलिस, तिची सहा मुलं, मोनेची दोन. आठ पोरांचं करून आलिसनेच कामियची शुश्रूषा केली. ५ सप्टेंबर १८७९ला कामिय गेली. वय बत्तीस. त्या दिवशी मोनेने एका स्नेह्याला पत्र लिहून कळवळून विनवलं, की आमचं गहाण टाकलेलं एक पदक सोडवून पाठव. तिला जपून ठेवलेली तेवढीच एक आठवण होती आणि जाताना ती तिच्या गळ्यात घालायची होती.

आणि मग त्याने तिच्या मृतदेहाचं चित्र काढलं. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. निळ्या, करड्या, पिवळ्या फटकाऱ्यांत बुडत चाललेला चेहरा, बर्फ पडत असावा तसा. पुष्कळ वर्षांनी त्याने आपला मित्र क्लेमान्सोपाशी कबूल केलं, की प्रिय माणसाच्या उशाशी बसलेलो असताना आपले डोळे आपोआप तिच्या कपाळावर चढत जाणाऱ्या मरणाच्या रंगछटा टिपत होते, आणि ते ध्यानात आल्यावर आपलीच आपल्याला भीती वाटली. घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखी आपली गत झाली आहे, असं त्याला वाटलं.

आधी मला त्याचा राग आला. मग आठवलं, माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघत बसले होते. शिवायचं राहिलं, शिवायचं राहिलं, एवढंच मनात येत होतं. दुःखात डोळा कुठेतरी टेकतोच. त्याचा टेकला रंगावर.

पुढे त्याचे दिवस पालटले. १८८३मध्ये सगळं बिऱ्हाड जिव्हर्नी या खेड्यात आलं, १८९०मध्ये ते घर त्याने विकत घेतलं. ओशदे वारल्यावर १८९२मध्ये त्याने आलिसशी लग्न केलं. घराजवळच्या शेतात गव्हाच्या मोठाल्या गंज्या रचलेल्या असत. त्यांचं चित्र काढताना त्याच्या लक्षात आलं, की अर्ध्या तासात उजेड बदलतो आणि समोरची गंजी दुसरीच होते. मग त्याने एका चित्राऐवजी पुष्कळ चित्रं एकदम सुरू केली. सकाळचा कॅनव्हास वेगळा, दुपारचा वेगळा, धुक्याचा, बर्फाचा, मावळतीचा वेगळा. आलिसची मुलगी ब्लांश त्याच्याबरोबर शेतात जायची, कॅनव्हास वाहून न्यायची. तीही चित्रं काढायची. गंजीची अशी पंचवीसेक चित्रं झाली. १८९१मध्ये त्यांतली पंधरा एकत्र लागली आणि हातोहात खपली.

म्हणजे बघा, आपण साडी दाराशी नेतो ती तिचा एक खरा रंग ठरवायला. मोने म्हणत होता, दाराशीही सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा दिसेल, त्याचं काय? रूआं गावच्या जुन्या दगडी चर्चची तर त्याने तीसच्या वर चित्रं केली. समोरच्या इमारतींत जागा घेऊन दिवसभर एकामागून एक कॅनव्हास बदलत बसायचा. त्याने आलिसला लिहिलं, की रात्री स्वप्नात ते चर्च आपल्या अंगावर कोसळत होतं आणि ते कधी निळं, कधी गुलाबी, कधी पिवळं दिसत होतं.

१८९३मध्ये त्याने घराजवळ आणखी जमीन घेऊन तळं केलं, त्यात कुमुदिनी लावल्या, वर जपानी धर्तीचा पूल बांधला. हाच तो डॉक्टरांकडच्या भिंतीवरचा पूल. बागेला सहा माळी होते. एक माळी होडीतून फिरून पानांवरची धूळ काढायचा. रस्त्याची धूळ उडते म्हणून मोनेने पदरचे पैसे घालून रस्त्यावर डांबर घालून घेतलं होतं. आता बघण्याजोगं सगळं त्याच्या दारात होतं.

आणि १९१२मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आदल्याच वर्षी आलिस गेली होती. १९१४मध्ये थोरला मुलगा गेला. ब्लांश त्याचीच बायको. विधवा झाल्यावर ती सासऱ्याकडे राहायला आली आणि स्वतःची चित्रकला बाजूला ठेवून शेवटपर्यंत त्याला सांभाळलं. मोनेच्या नावाने जग फिरतं, पण ब्लांश नसती तर त्याची शेवटची चित्रं पुरी झाली असती का, कोण जाणे.

त्याने तळ्याचे प्रचंड कॅनव्हास रंगवायला घेतले होते. बाहेर पहिलं महायुद्ध चालू होतं. युद्ध थांबल्यावर, नोव्हेंबर १९१८मध्ये, त्याने पंतप्रधान क्लेमान्सोला कळवलं की ही चित्रं देशाला द्यायची आहेत. आणि इकडे डोळे साथ सोडत होते. ट्यूबवरचं नाव वाचून आणि पाटीवर रंग नेहमी ठरावीक क्रमाने मांडून तो आठवणीने रंगवत होता. पाणी तांबडं व्हायला लागलं, पूल पेटायला लागला. ऑपरेशनला मात्र तयार नव्हता. मेरी कॅसाट या चित्रकार बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण १९२२पर्यंत उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळत होता आणि डाव्याची नजर दहावा हिस्साच उरली होती. क्लेमान्सो स्वतः डॉक्टरकी शिकलेला. त्याने पाठपुरावा करून त्याला राजी केलं.

जानेवारी १९२३मध्ये डॉ. कुतेला यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. डोळ्यावर पट्टी बांधून दिवसच्या दिवस हलायचं नाही, असं निजून राहावं लागे. ऐंशी पार केलेला हा तापट म्हातारा पट्ट्या ओढून काढायला निघायचा. शिवाय आत नवं भिंग बसवत नसत. ते पहिल्यांदा बसवलं गेलं १९४९मध्ये लंडनला. तोवर जाड भिंगांचा चश्मा हाच उपाय.

चश्मा लावला आणि मोनेला जग दिसलं, ते निळंच निळं! तपकिरी पडदा निघाला होता, आणि डोळ्यातलं भिंग जी अतिनील किरणं अडवतं, तीही आता आत जात असावीत, असं काही तज्ज्ञांना वाटतं. डावा डोळा मात्र जुनाच. म्हणजे एकाच माणसाच्या एका डोळ्यात तांबडं तळं आणि दुसऱ्यात निळं. जन्मांध असतो आणि एकदम दिसलं असतं तर, असं म्हणणाऱ्याला ते अगदी तसंच मिळालं, आणि तो हादरून गेला. आपण एवढी वर्षं काय रंगवलं, या विचाराने त्याने काही चित्रं नष्टही केली. डावा डोळा त्याने शेवटपर्यंत कापू दिला नाही. अखेर १९२५मध्ये रंगीत काचांचा नवा चश्मा मिळाला, रंग थोडे ठिकाणावर आले आणि तो पुन्हा कामाला लागला.

५ डिसेंबर १९२६ला तो गेला, वयाच्या सहाऐंशीव्या वर्षी. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात त्याचं तळं लोकांसाठी खुलं झालं. दोन लांबट गोल दालनं, सुमारे दोन मीटर उंचीची आठ चित्रं, सगळ्यांची लांबी मिळून जवळजवळ शंभर मीटर. आणि बागेतल्या बायकांचं जे चित्र १८६७मध्ये नाकारलं होतं, ते सरकारने १९२१मध्ये दोन लाख फ्रँक मोजून घेतलं होतं.

मग खरं तळं कोणतं? तांबडं, की निळं? मला आता वाटतं, हा प्रश्नच अर्धा आहे. कोणाच्या डोळ्याला आणि कोणत्या उजेडात, हे जोडलं की तो पुरा होतो. पण म्हणून सगळंच खोटं, असंही नाही. तळं होतंच. कुमुदिनी होत्याच. इरकलही होतीच, माझ्या हातात आणि आईंच्या हातात तीच एक.

आईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी येऊन त्यांनी आधी माळ्यावरची जळमटं दाखवली, मग माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. नंतर बराच वेळ अंगणात बसून एक डोळा झाकायचा, मग दुसरा, असा खेळ करत राहिल्या. या डोळ्याने भिंत पांढरी, त्या डोळ्याने पिवळी. जुन्या डोळ्याने बांगड्यांचं सोनं मात्र झकास दिसतं म्हणाल्या!

संध्याकाळी कपाट उघडल्याचा आवाज आला. मी गेले तर त्या इरकल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, सासरे गेल्यानंतरचं घरातलं हे पहिलं शुभकार्य. मला वाटलं, मी विधवा म्हणून तू काळी आणलीस, बायकांत मागे बसायला. मला रडूच आलं. सात-आठ महिने त्या हे मनात घेऊन स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभ्या होत्या. आणि मी मनात घेऊन होते की त्या खोटं बोलल्या. दोघीही जे दिसलं तेच सांगत होतो.

मी एकदा जरी विचारलं असतं, की आई, ही तुम्हाला कशी दिसते, पांढरी भिंत कशी दिसते, तर डोळे तेव्हाच तपासून झाले असते. पण मी विचारलं नाही, निळी आहे असं ठासून सांगत राहिले. तुमच्या घरातलं मोठं माणूस पांढऱ्याला पिवळं म्हणायला लागलं, निळ्या-काळ्यात गोंधळायला लागलं, रात्रीच्या दिव्यांनी त्याचे डोळे दिपायला लागले, तर वाद घालू नका. आधी डोळे दाखवून आणा.

आईंच्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्यानंतर नणंदेकडे डोहाळजेवण आहे. इरकल इस्त्रीला देऊन आणली आहे. फॉल-पिको राहिलंय, ते या आठवड्यात करून घेते.